शेवटच्या वर्षाला कोणते चार विषय घेऊ?

प्रश्न मला समजला तो असा. इलेक्ट्रिकल आणि कॉम्प्युटर सिस्टिम्सचं शेवटचं वर्ष सुरू होतंय आणि नऊ ऐच्छिक विषयांतून चार निवडायचेत. यादीत आहेत पॉवर इलेक्ट्रॉनिक्स, पॉवर सिस्टिम्स, ॲडव्हान्स्ड कंट्रोल, डिजिटल सिग्नल प्रोसेसिंग, रिअल-टाइम एम्बेडेड सिस्टिम्स, कॉम्प्युटर आर्किटेक्चर, एफपीजीए (आतली जोडणी आपल्याला हवी तशी करता येणारी चिप) डिझाईन, वायरलेस कम्युनिकेशन आणि मशीन लर्निंग. तिसऱ्या वर्षाला कंट्रोलने घाम फोडला होता. कोडिंग बरं जमतं. वर्गातले बहुतेक मशीन लर्निंगकडे निघालेत. आणि शेवटी, 'ज्याला पुढे स्कोप आहे ते सांगा.'

स्कोपबद्दल मला विचारू नका. मी शिकत होतो तेव्हा आमच्या बॅचचे हुशार लोक टेलिकॉमकडे पळत होते आणि पॉवर इलेक्ट्रॉनिक्सच्या वर्गात मोजकी डोकी असायची. पुढे बॅटरीवरच्या गाड्या आल्या, सोलर इन्व्हर्टर आले, आणि आज त्या विषयाची माणसं शोधून सापडत नाहीत. हे आम्हाला कोणालाच आधी दिसलं नव्हतं. मी तर तो विषय टाळलाच होता. त्याचं काय झालं ते पुढे येईलच.

मला तुमच्या प्रश्नात दोन वेगळ्या काळज्या दिसतात. एक म्हणजे, चुकीचे चार घेतले तर काही दारं कायमची बंद होतील. दुसरी, आपण हार्डवेअरचे की सॉफ्टवेअरचे याचा निकाल आताच लावावा लागेल. पहिली काळजी बरीच फुगवलेली आहे. मुलाखतीला आलेल्या मुलांच्या विषयांची यादी मी दहा सेकंद बघतो, आणि मग विचारतो, 'यातलं एक काहीतरी सांगा, जे तुम्ही स्वतः चालवून पाहिलंय.' पुढची चाळीस मिनिटं त्यावरच जातात. दुसरी काळजी जास्त खरी आहे, पण तिचं उत्तर तुम्हाला वाटतं त्याच्या उलट आहे. ही शाखाच मुळी दोन कापडांच्या शिवणीवर बसलेली आहे, आणि बावीस वर्षांत मी जी दुखणी पाहिली त्यातली बरीचशी त्या शिवणीवरच उसवलेली होती.

एक प्रसंग सांगतो, मग विषयांकडे येतो.

एका मोटर ड्राइव्हवर, म्हणजे मोटर चालवणाऱ्या सर्किटवर, आम्ही तिघे काम करत होतो. कंट्रोलचं डिझाईन एकाकडे, कोड दुसऱ्याकडे, पॉवर बोर्ड माझ्याकडे. सिम्युलेशनमध्ये करंट लूप (करंट मोजून तो हवा तेवढा ठेवणारा भाग) अगदी शहाण्या मुलासारखा वागायचा. टेबलावर मोटर लावली की ती एका ठरावीक लोडच्या पुढे शिट्टी मारल्यासारखी वाजायला लागायची. करंटला स्टेप दिली की एकदा उसळी मारून बसायच्या ऐवजी ऑसिलोस्कोपवर सात-आठ हेलकावे दिसायचे. कंट्रोलवाला म्हणाला, पॉवर बोर्डात नॉइज आहे. मी म्हणालो, गेन (फरक दिसला की किती जोरात उत्तर द्यायचं ते) जास्त ठेवलाय. कोडवाला म्हणाला, कोडला तीन आठवड्यांत हात लावलेला नाही. ते खरं होतं आणि त्याचा काही उपयोग नव्हता.

चार दिवस वाया गेल्यावर कोडवाल्याने प्रोसेसरच्या दोन रिकाम्या पिना घेतल्या. इंटरप्ट (चालू काम थांबवून धावणारा कोडचा तुकडा) सुरू झाला की एक पिन वर, एडीसीचं (मोजलेल्या करंटचा आकडा बनवणाऱ्या भागाचं) रूपांतर संपलं की दुसरी वर. दोन्हींवर प्रोब लावले. इंटरप्ट पीडब्ल्यूएमच्या (वीज झटपट चालू-बंद करून मोटरला हवी तेवढी देण्याच्या रीतीच्या) टायमरवर सुरू होत होता आणि त्यातली पहिलीच ओळ एडीसीचं रजिस्टर वाचत होती. रूपांतर मात्र त्यानंतर दोन मायक्रोसेकंदांनी संपत होतं. म्हणजे दर वेळी आम्ही आदल्या फेरीचा शिळा करंट वाचत होतो.

आता याचा हिशेब बघा, कारण तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर यात आहे. पीडब्ल्यूएम २० किलोहर्ट्झचा, म्हणजे एक फेरी ५० मायक्रोसेकंदांची. मोजलेल्या करंटवरून नवी ड्यूटी (फेरीतला किती वेळ वीज चालू ठेवायची ते) काढायची आणि ती पुढच्या फेरीला लागू करायची, यात एक फेरी जाते. पीडब्ल्यूएम स्वतः सरासरी अर्धी फेरी खातो. हा दीड फेऱ्यांचा, ७५ मायक्रोसेकंदांचा उशीर धरूनच चालावं लागतं. आमच्या शिळ्या रीडिंगमुळे त्याच्या अडीच फेऱ्या झाल्या, १२५ मायक्रोसेकंद. लूपची क्रॉसओव्हर फ्रिक्वेन्सी, म्हणजे जिथपर्यंत लूप बदलांचा पाठलाग करू शकतो ती, १ किलोहर्ट्झ होती. तिथे ७५ मायक्रोसेकंदांचा उशीर फेजचे २७ अंश खातो आणि १२५ चा ४५. कंट्रोलवाल्याने कागदावर ६० अंशांचं फेज मार्जिन (लूप डळमळायच्या आधीची मोकळीक) ठेवलं होतं, पण उशीर शून्य धरून. साठातून पंचेचाळीस गेले, उरले पंधरा. एवढ्यावर मोटर शिट्टी मारणार नाही तर काय करेल!

दुरुस्ती एका ओळीची निघाली: इंटरप्ट टायमरवर सुरू न करता एडीसीचं काम संपल्यावर सुरू करायचा. आमच्या तिघांपैकी कोणाचाही विषय कच्चा नव्हता. कंट्रोलच्या पुस्तकात फेज मार्जिन असतं, एम्बेडेडच्या पुस्तकात इंटरप्टचा उशीर असतो. पण एकाचे मायक्रोसेकंद हे दुसऱ्याचे अंश असतात, हे दोन्ही वर्गांत बसलेल्यालाच चटकन दिसतं.

म्हणून माझ्याकडे कोणी विचारायला आलं तर मी विषय जोडीने निवडायला सांगतो. एक गणिताचा, आणि एक असा जिथे ते गणित वेळेच्या आत कशावर तरी धावून दाखवावं लागतं. कंट्रोलबरोबर एम्बेडेड, सिग्नल प्रोसेसिंगबरोबर एफपीजीए, मशीन लर्निंगबरोबर आर्किटेक्चर. नुसते गणिताचे चार घेतलेला मुलगा पहिल्या खऱ्या बोर्डापुढे गांगरतो. नुसते 'करून बघा'वाले चार घेतलेला मुलगा पहिली दोन वर्षं चमकतो, आणि मग 'गेन थोडा कमी करून बघू' याच्या पुढे त्याची गाडी जात नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे, जे नंतर एकट्याने शिकणं अवघड जाईल ते आता घ्यावं. नवी भाषा, नवं फ्रेमवर्क, बोर्डाचं नवं टूल हे नोकरीत शिकता येतं, किंबहुना दर दोन-तीन वर्षांनी शिकावंच लागतं. पण चुकलेलं गणित कोणीतरी तपासून परत देणं, आणि ४०० व्होल्टच्या डीसी बसवर (पॉवर सर्किटच्या मुख्य पुरवठ्यावर) शेजारी जाणकार माणूस उभा असताना पहिला प्रयोग करणं, या दोन गोष्टी पदवीनंतर सहसा मिळत नाहीत.

काही गोष्टी मात्र तुमच्या परिस्थितीवर आहेत, त्या मी इथून ठरवू शकत नाही. विषयाचं नाव एकच असतं, पण एका ठिकाणी त्यात आठवड्याला तीन तास लॅब असते आणि दुसऱ्या ठिकाणी नुसत्या स्लाइड. त्यामुळे नाव बघून निवडू नका. गेल्या वर्षीच्या असाइनमेंट मागून घ्या आणि गुण कशाला आहेत ते बघा. शिकवणारा माणूस चांगला असेल तर मी कमी 'कामाचा' विषयसुद्धा घेईन. पुढे संशोधनाकडे जायचं असेल तर गणिताच्या बाजूला झुका. आणि पूर्वअटी नीट वाचा, कारण एखादं दार बंद होत असेल तर ते तिथे होतं: प्रॉबॅबिलिटी नीट न करता वायरलेस किंवा मशीन लर्निंग घेतलं की पहिल्या महिन्यातच नुसतं पाठांतर सुरू होतं.

आता विषय. सगळ्यांवर सारखं बोलणार नाही, कारण सगळ्यांबद्दल मला सारखं कळत नाही.

रिअल-टाइम एम्बेडेड मी तुम्हाला घ्यायलाच सांगेन. कोडिंग जमतं म्हणता, तेव्हा इथे तुमचा पाय लगेच टेकेल. पण 'रिअल-टाइम' म्हणजे वेगवान अशी समजूत असेल तर ती पहिल्या आठवड्यात सोडा. ठरलेल्या वेळेआधी उत्तर येणारच, हे सिद्ध करता येणं म्हणजे रिअल-टाइम. साधं उदाहरण घ्या. सीरियल पोर्टवर १,१५,२०० बॉडने एक अक्षर पाठवायला सुमारे ८७ मायक्रोसेकंद लागतात. आमच्या मोटरची अख्खी फेरी ५० ची. चूक शोधायला म्हणून त्या इंटरप्टमध्ये कोणी एक अक्षर छापून ते जाईपर्यंत थांबलं, तरी शोधत असलेली चूक बाजूला राहते आणि नवी जन्माला येते. हे मी कॉम्प्युटरकडून आलेल्या जवळजवळ प्रत्येक नव्या मुलाला करताना पाहिलंय. मीही केलंय.

या विषयाचं सगळ्यात चांगलं उदाहरण मंगळावरचं आहे. १९९७ च्या जुलैत पाथफाइंडर यान तिथे उतरलं आणि काही दिवसांत त्याचा कॉम्प्युटर आपोआप रीसेट व्हायला लागला. हवामानाची नोंद घेणारं एक कमी प्राधान्याचं काम एक कुलूप (सामायिक गोष्ट एका वेळी एकाच कामाला वापरू देणारं) धरून बसायचं. त्याच कुलपासाठी सगळ्यात महत्त्वाचं काम ताटकळायचं. आणि मधल्या प्राधान्याची कामं मध्ये घुसून कुलूपवाल्याला पुढे सरकूच देत नव्हती. महत्त्वाचं काम वेळेत झालं नाही की वॉचडॉग, म्हणजे कामं वेळेत होतायत का यावरचा पहारेकरी, सगळं रीसेट करायचा. याला प्रायॉरिटी इन्व्हर्जन म्हणतात. उपाय ऑपरेटिंग सिस्टिममध्ये आधीपासून होता, तो फक्त चालू केलेला नव्हता. पृथ्वीवरून बदल पाठवून तो चालू केला. तुमच्या अभ्यासक्रमात प्रायॉरिटी इन्व्हर्जन, सर्वात वाईट स्थितीत लागणारा वेळ आणि शेड्यूलिंगचं गणित आहे का ते बघा. लिऊ आणि लेलँड यांचा १९७३ चा निकाल, की जे काम जास्त वेळा येतं त्याला जास्त प्राधान्य, अशा ठरावीक प्राधान्याने चालणारी, एकमेकांवर न अवलंबणारी नियतकालिक कामं कितीही असली तरी प्रोसेसरचा एकूण वापर सुमारे ६९ टक्क्यांपर्यंत असेल तर सगळी वेळेत होणारच, तो वर्गात एकदा सिद्ध करून पाहिला की कायम डोक्यात राहतो. विषय नुसता तयार लायब्ररी वापरून दिवे लुकलुकवण्याचा असेल तर सोडून द्या, ते घरी होतं.

ॲडव्हान्स्ड कंट्रोलची तुम्हाला भीती आहे, म्हणून त्यावर थोडं जास्त. तिसऱ्या वर्षाला कंट्रोल अवघड गेलं म्हणजे नेमकं काय अवघड गेलं? रूट लोकस हाताने काढण्याचे नियम आणि राउथचा तक्ता पाठ होत नव्हता, की लाप्लासमध्ये पोल (सिस्टिम किती लवकर शांत होते ते सांगणारा बिंदू) डावीकडे सरकला म्हणजे प्रत्यक्षात काय झालं हेच कळत नव्हतं? पहिलं असेल तर घाबरायचं कारण नाही. शेवटच्या वर्षाचं कंट्रोल बहुतेक ठिकाणी स्टेट स्पेसमधलं असतं, त्यात पाठांतर कमी आणि मॅट्रिक्स जास्त. आयगेनव्हॅल्यू म्हणजे काय हे समजलेलं असेल तर ते तिसऱ्या वर्षापेक्षा सोपं जातं, आणि कोड लिहिणाऱ्याला तर फारच, कारण समीकरण आणि प्रोग्रॅमची ओळ यांत फारसा फरकच उरत नाही. ऑब्झर्व्हर आला की पहिल्यांदा वाटतं, ही तर चलाखी आहे: जे मोजलेलंच नाही ते मोजलेल्यावरून काढायचं. कालमन फिल्टर, १९६० चा, म्हणजे हीच कल्पना नॉइज धरून. तो पुढे चंद्रावर जाणाऱ्या यानांच्या दिशादर्शनात वापरला गेला, आणि आज ड्रोनचा तोल राखण्यापासून बॅटरीत किती चार्ज उरलाय याच्या अंदाजापर्यंत सगळीकडे तोच भेटतो. दुसरं कारण असेल, म्हणजे पोल म्हणजे काय हेच लागलेलं नसेल, तर आधी ते दुरुस्त करावं लागेल. त्याबद्दल शेवटी.

पॉवर इलेक्ट्रॉनिक्स मी शेवटच्या वर्षाला सोडलं आणि गुण मिळवायला सोपा म्हणून एक विषय घेतला, ज्याचं आता नावही आठवत नाही. नोकरीच्या पहिल्या वर्षी माझ्या हातात हाफ-ब्रिज, म्हणजे डीसी बसवर एकावर एक जोडलेले दोन स्विच, आला. वरचा स्विच बंद व्हायच्या आत खालचा चालू झाला तर सगळा डीसी बस त्या दोघांतून शॉर्ट होतो, म्हणून मध्ये डेड टाइम ठेवतात, एवढं वाचून माहीत होतं. पण डेटाशीटमधला टर्न-ऑफचा वेळ २५ अंशांवरचा आणि त्यांच्या गेट रेझिस्टरचा असतो, आपल्या गरम बोर्डावरचा आणि आपल्या रेझिस्टरचा नसतो, हे मला तीन महिने आणि मूठभर जळालेल्या मॉसफेटनी (हेच ते स्विच) शिकवलं. लॅबमध्ये हेच एका दुपारी शिकलो असतो, तेही ३० व्होल्टवर. हा विषय घेतलात तर बक कन्व्हर्टर (व्होल्टेज कमी करणारं सर्किट) स्वतः बांधा, स्विचिंग नोडवर प्रोबची लांब ग्राउंड वायर लावून एकदा वेव्हफॉर्म बघा, मग छोटी स्प्रिंग लावून पुन्हा बघा. पहिल्या चित्रातलं निम्मं रिंगिंग सर्किटचं नसून प्रोबचं होतं हे दिसलं की मोजमापाकडे बघायची नजरच बदलते. सिलिकॉन कार्बाइड आणि गॅलियम नायट्राइडचे स्विच आल्यापासून कडा आणखी वेगवान झाल्यात, त्यामुळे ही नजर आणखीच लागते.

पॉवर सिस्टिम्सबद्दल माझा अनुभव बाहेरचा आहे. फॉल्टचं गणित अजूनही १९१८ साली फोर्टेस्क्यूने मांडलेल्या सममित घटकांवर (असमतोल फेज समतोल संचांत मोडून मांडण्याच्या रीतीवर) चालतं, त्यामुळे विषय जुनाट वाटतो, पण तसा तो नाही. १४ ऑगस्ट २००३ ला उत्तर अमेरिकेत सुमारे ५ कोटी लोकांची वीज गेली, त्याची हकिकत जरूर वाचा. उच्च दाबाच्या तारा झुकून झाडांना लागल्या आणि एकामागून एक ट्रिप झाल्या. ते चालू असताना नियंत्रण कक्षातली अलार्म यंत्रणा सॉफ्टवेअरमधल्या एका रेस कंडिशनमुळे (दोन कामांनी एकाच वेळी एकाच माहितीला हात लावल्याने होणाऱ्या चुकीमुळे) आधीच मुकी झाली होती, आणि ती मुकी झालीय हेही तिथल्यांना कळलं नव्हतं. झाडं, लोड फ्लो (कोणत्या तारेतून किती वीज वाहते ते) आणि कोड तिन्ही एकाच दुपारी. अशा जागी काम करायला दोन्ही बाजू कळणारी माणसं लागतात, आणि वर्गातल्या कोणालाच हा विषय नको असेल तर ती तुमच्या पथ्यावर पडणारी गोष्ट आहे.

डिजिटल सिग्नल प्रोसेसिंग हा मला सगळ्यात दूरवर पुरणारा विषय वाटतो. १०२४ नमुन्यांचा फूरिये (सिग्नलमध्ये कोणत्या फ्रिक्वेन्सी आहेत ते) सरळ काढला तर दहा लाखांहून जास्त कॉम्प्लेक्स गुणाकार लागतात, आणि कूली-ट्युकी यांच्या १९६५ च्या रीतीने ५,१२०. हा आकडा सगळे सांगतात. मला जास्त महत्त्वाचा वाटतो तो फिक्स्ड-पॉइंटचा (ठरावीक बिटांत अपूर्णांक बसवण्याचा) भाग, जो अनेकदा शेवटच्या आठवड्यात गुंडाळतात. ०.१ ही संख्या बायनरीत नेमकी बसत नाही. १९९१ च्या आखाती युद्धात क्षेपणास्त्रविरोधी पेट्रियट यंत्रणेत वेळ दशांश सेकंदांत मोजून २४ बिटांतल्या ०.१ ने गुणत होते. यंत्रणा सुमारे १०० तास सलग चालू राहिल्यावर साठत आलेली चूक ०.३४ सेकंदांची झाली. तेवढ्या वेळात येणारं क्षेपणास्त्र अर्ध्या किलोमीटरहून जास्त पुढे जातं. ते अडवलं गेलं नाही आणि २८ सैनिक मेले. तुमचा फिल्टर एवढा जीवघेणा नसेल, पण सोळा बिटांत चौथ्या ऑर्डरचा फिल्टर सलग लिहिला की तो का बिघडतो आणि दोन-दोन ऑर्डरचे तुकडे केले की का सुधारतो, हे करून पाहिलेलं असलं पाहिजे.

एफपीजीए घेणार असाल तर एक कसोटी: टाइमिंग शिकवतात का? सेटअप टाइम (क्लॉकच्या ठोक्याआधी सिग्नल स्थिर हवा तो वेळ) चुकला तर क्लॉक हळू करून वेळ मारून नेता येते, होल्ड टाइम (ठोक्यानंतर स्थिर हवा तो) चुकला तर क्लॉक कितीही हळू करा, चूक तशीच राहते. हे का, आणि दोन वेगळ्या क्लॉकच्या मधून सिग्नल नेताना दोन फ्लिप-फ्लॉप (एक बिट धरून ठेवणारे भाग) का लावतात, हे येणाऱ्याला मी बाकीचं माफ करतो. नुसतं सिम्युलेशन चाललं की गुण देणारा विषय असेल तर त्यात फार अर्थ नाही.

कॉम्प्युटर आर्किटेक्चर गंभीरपणे घेणाऱ्यालाच फळतो. पाइपलाइन (सूचना टप्प्याटप्प्याने चालवणं) आणि कॅशे (प्रोसेसरजवळची छोटी वेगवान मेमरी) समजले नाहीत तर तोच कोड एकदा वेगाने आणि एकदा सावकाश का धावतो हे कोडंच राहतं, आणि २०१८ च्या जानेवारीत उघड झालेल्या स्पेक्टर-मेल्टडाऊन या प्रोसेसरमधल्या त्रुटींनंतर सुरक्षेचाही पाया इथेच आहे हे कळून चुकलं. रिस्क-फाइव्ह हा प्रोसेसरचा सूचनासंच खुला असल्यामुळे छोटा प्रोसेसर स्वतः बांधायला लावणारे वर्ग आता आहेत. तसा असेल तर घ्या.

वायरलेसवर मी फार बोलू नये. एका वाहिनीतून जास्तीत जास्त किती माहिती जाऊ शकते हे सांगणाऱ्या शॅननच्या १९४८ च्या सूत्राभोवती बांधलेला सुंदर विषय आहे, पण सिग्नल प्रोसेसिंगशिवाय घेऊ नका.

राहिलं मशीन लर्निंग. त्याच्या विरोधात मी नाही, आमच्याकडेही मोटरच्या कंपनावरून बेअरिंग कधी जाईल याचा अंदाज काढायला ते वापरतो. पण ते काम करणाऱ्या दोघांपैकी जी जास्त उपयोगी पडते ती मूळची सिग्नल प्रोसेसिंगची आहे. कंपनाचा सिग्नल कोणत्या दराने घ्यायचा, मोटरचा वेग बदलला की स्पेक्ट्रम सरकतो त्याचं काय करायचं, सेन्सर सैल बसल्यामुळे दिसणारा उंचवटा कोणता, हे तिला मॉडेलच्या आधी दिसतं. मॉडेल बसवणं आता कोणालाही जमतं. लिनिअर अल्जिब्रा आणि प्रॉबॅबिलिटी पक्की असेल तर हा विषय नंतरही स्वतःहून बऱ्यापैकी शिकता येतो, म्हणून माझ्या हिशेबात तो खाली जातो. वर्गातले सगळे जातायत हे घेण्याचं कारण नाही, आणि टाळण्याचंही नाही.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाहीत, ती म्हणजे प्रोजेक्ट. खरं तर तो पाचवा विषय आहे आणि मुलाखतीत त्याच्यावरच बोलणं होतं. तो चारपैकी दोन विषयांच्या मधल्या जागेत ठेवा. प्रोजेक्टच्या पहिल्या पानावर आकडे लिहा: किती व्होल्ट, किती मिलिसेकंदांत, किती टक्के चूक चालेल. 'स्मार्ट' हा शब्द आला की माझं लक्ष उडतं, '१२ व्होल्टची मोटर, लोड दुप्पट झाला तरी २०० मिलिसेकंदांत वेग २ टक्क्यांच्या आत परत' असं वाचलं की मी खुर्ची पुढे ओढतो. आणि सगळे तुकडे शेवटच्या महिन्यात जोडू नका. पहिल्या सहा आठवड्यांत सगळ्यात ओबडधोबड रूपात का होईना, या टोकापासून त्या टोकापर्यंत एकदा चालवा: सेन्सर, कोड, ड्रायव्हर, मोटर. शिवण कुठे उसवतेय ते तेव्हाच दिसतं.

तुमच्या जागी मी असतो तर रिअल-टाइम एम्बेडेड, ॲडव्हान्स्ड कंट्रोल, डिजिटल सिग्नल प्रोसेसिंग आणि पॉवर इलेक्ट्रॉनिक्स घेतलं असतं, आणि प्रोजेक्ट मोटर किंवा कन्व्हर्टरचा केला असता. कंट्रोल खरंच जमणार नसेल तर एम्बेडेड, सिग्नल प्रोसेसिंग, एफपीजीए आणि आर्किटेक्चर, यातही गणित आणि धावणं यांची जोडी टिकते. मशीन लर्निंगची मनापासून ओढ असेल तर या दुसऱ्या यादीतलं एफपीजीए काढून ते घाला, सिग्नल प्रोसेसिंगला हात लावू नका. एकाच सत्रात दोन मोठ्या लॅब घेऊ नका, पॉवर इलेक्ट्रॉनिक्स आणि एफपीजीए दोन्ही संध्याकाळ खातात. कंट्रोल आणि एम्बेडेड मात्र एकाच सत्रात आले तर उत्तम, कारण सोमवारी शिकलेलं गुरुवारी बोर्डावर चढवता येतं.

फॉर्म भरायच्या आधी एक संध्याकाळ काढा. तिसऱ्या वर्षाच्या कंट्रोलच्या पेपरातला जो प्रश्न तेव्हा सुटला नव्हता तो काढा, आणि या वेळी हाताने सोडवण्याआधी त्याच सिस्टिमचा स्टेप रिस्पॉन्स पन्नासेक ओळींच्या प्रोग्रॅममध्ये छोट्या छोट्या वेळेच्या टप्प्यांनी काढून बघा. गेन बदला. हेलकावे कुठे सुरू होतात ते लिहून ठेवा, आणि मग कागदावर पोल काढून तोच आकडा येतो का ते बघा. दोन्ही आकडे जुळले आणि का जुळले हे स्वतःला सांगता आलं, तर पहिली यादी भरा. नाही जुळले तर कुठे अडलात ते इथेच लिहा, प्रोग्रॅमसकट.